गुरुवारची पेशंट

अक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, जाऊन काही महिने झाले होते. शनिवारची सकाळ होती. बेंगळुरूजवळच्या येलहंकातल्या आमच्या गल्लीत युनिव्हर्सिटीची बस वळत नाही, म्हणून ती कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी थांबली. पांढरे कोट घातलेली मुलंमुली उतरून घराघरांत पांगली. माझ्या दाराशी एक ठेंगणी मुलगी आली. गळ्यात स्टेथोस्कोप, पायात धुळीने भरलेले बूट. कन्नड नुकतंच घोकून आली होती हे तिच्या पहिल्याच वाक्यावरून कळलं.

"मनेल्ली एष्टु जना?" घरात किती माणसं, असं तिने विचारलं.

"एक," मी म्हटलं.

तिला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. तिने हिंदीत विचारलं, "म्हणजे तुम्हाला सोडून?"

"मला धरून."

कानामागचं पेन काढून तिने लिहून घेतलं. तिला आत बोलवावं की नाही हे मला कळेना. इतक्या दिवसांत कोणी आत आलंच नव्हतं. शेवटी गॅसवरचं दूध उतू गेल्याचा वास आला तेव्हा आम्ही दोघी एकदमच स्वयंपाकघराकडे धावलो, आणि ती आत आली ती तशी.

आम्ही बेंगळुरूतले जुने मराठी. किती जुने ते घरात कोणालाच नीट सांगता येत नसे, पण चिकपेटच्या मागच्या गल्लीत आमच्या आजोबांच्या आधीपासून आमची माणसं कापडाच्या दुकानांतून हिशेब लिहीत होती. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. त्या मराठीतही कन्नड इतकं मुरलेलं, की पुण्याहून कोणी पाहुणा आला की तो आमच्याकडे बघत राही. अक्का टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, मी सरकारी कचेरीत टायपिस्ट. दोघींचीही लग्नं झाली नाहीत. का झाली नाहीत हे विचारणारी माणसं हळूहळू गेली आणि मग प्रश्नही गेला. अक्का निवृत्त झाली तेव्हा आम्ही दोघींनी मिळून येलहंकात हे दोन खोल्यांचं घर घेतलं. आजूबाजूला तेव्हा नाचणीची शेतं होती, आणि विमानदलाची विमानं सरावाला निघाली की अक्का बोलता बोलता थांबायची आणि आवाज गेला की त्याच शब्दापासून पुढे बोलायची. मला ती 'पुट्टी' म्हणायची. पुट्टी म्हणजे छोटी. माझी साठी उलटली तरी.

ती गेली आणि घरातली मराठी एका दिवसात थांबली. हे मला पहिल्यांदा कळलं ते भाजीवाल्यापाशी. तो म्हणाला, "येन बेकु अक्का?" काय हवं, अक्का. इथे कुठल्याही बाईला अक्काच म्हणतात, आयुष्यभर ऐकत आले होते. पण त्या दिवशी वाटलं, ही हाक माझ्या तोंडची होती. आता ती सगळं गाव मला मारतंय आणि मी कोणालाच मारत नाही.

युनिव्हर्सिटी आमच्या गल्लीपासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर. नाचणीच्या शेतांवरच ती उभी राहिली. सुरुवातीला गावाला तिचं काही बरं वाटलं नव्हतं. उंच भिंत, काचेच्या इमारती, फाटकावर पहारेकरी. पोरांच्या मोटारसायकलींनी रस्ता भरला, खोल्यांची भाडी वाढली. आमच्यासारख्यांना त्या भिंतीच्या आत काय चालतं हे ठाऊकच नव्हतं. मग त्यांचं मेडिकल कॉलेज सुरू झालं, आणि नियमच असा आला की प्रत्येक विद्यार्थ्याने आजूबाजूच्या वस्तीतली काही घरं दत्तक घ्यायची. शिक्षण संपेपर्यंत त्याच घरांत जात राहायचं, रक्तदाब बघायचा, साखर तपासायची, कोणाला काय होतंय त्यावर लक्ष ठेवायचं. त्या मुलीच्या वाट्याला आलेल्या घरांपैकी एक माझं.

दत्तक हा शब्द ऐकून मला हसू आलं होतं. ती मुलगी आसामची होती. वय जेमतेम एकोणीस. पहिल्या दिवशी तिने माझा रक्तदाब तीन वेळा मोजला आणि तिन्ही वेळा वेगळा आला. "आंटी, प्लीज हलू नका," ती म्हणाली. मी हलत नव्हते. पट्टा तिनेच सैल बांधला होता.

ती यायला लागली. ठरलेले शनिवार सोडून कधी मध्येच, एकटीही. मी तिला कन्नड शिकवायचे. "स्वल्प नोवु" म्हणजे थोडं दुखतंय, "तुंबा नोवु" म्हणजे फार. लोक फार दुखत असलं तरी स्वल्पच म्हणतात, हेही सांगितलं. ती हसायची. मला बोलायला माणूस मिळालं होतं, पण खरं सांगायचं तर ती गेली की घर आणखी मोठं वाटायचं. दोन कप धुवून पालथे घालताना जास्तच.

एकदा तिच्याबरोबर त्यांच्या मॅडम आल्या. सामाजिक आरोग्य शिकवणाऱ्या, मंड्या जिल्ह्यातल्या, पन्नाशीच्या, डोक्याला तेल लावून घट्ट वेणी घातलेल्या. त्या माझ्या जेमतेम दोन खुर्च्यांपैकी एकीवर बसल्या आणि म्हणाल्या, "अम्मा, तुम्ही आमच्या मुलीला कन्नड छान शिकवलंत. आमच्याकडे येऊन बाकीच्यांना शिकवाल का?"

"मी काही मास्तरीण नाही."

"शिकवायचं नाही. आजारी पडायचं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. बाहेरगावची मुलं खऱ्या पेशंटसमोर बसली की गडबडतात. त्यांना आधी सराव हवा. म्हणून आसपासच्या वस्तीतली माणसं पेशंट बनून बसतात. आधी एक कागद मिळतो, त्यात काय दुखतं, कधीपासून, घरी कोण कोण, सगळं लिहिलेलं असतं. ते पाठ करायचं आणि मुलांनी विचारलं की तसंच सांगायचं. जाण्यायेण्याला गाडी, दुपारचं जेवण, आणि वर्षातून एकदा पूर्ण तपासणी.

"सरी," मी म्हटलं. बरं, येते. अक्का असती तर ती म्हणाली असती, पुट्टी, तुला साधं खोटंसुद्धा बोलता येत नाही.

गुरुवार ठरला. गाडीत माझ्याबरोबर बसस्टँडपाशी फुलं विकणारी बाई असायची. ती पहिल्या दिवसापासून पट्टीची निघाली. पोटदुखीची पेशंट बनली की असं कण्हायची, की एकदा एक पोरगी घाबरून पाणी आणायला पळाली. मला तसं जमायचं नाही. मी शांतपणे सांगायचे. छातीत जळजळ आहे, जेवल्यावर वाढते. उजवा गुडघा धरतो. मॅडम म्हणाल्या, तेच बरं, खरे पेशंट असेच असतात.

पडदे लावून केलेल्या छोट्या खोलीत मी बसायचे. एकेक मुलगा येऊन खुर्ची पुढे ओढायचा, आपलं नाव सांगायचा, माझ्या डोळ्यांत बघायचा आणि विचारायचा, "काय त्रास होतोय?" दुसरा यायचा, पुन्हा तेच. झोप लागते का? जेवण जातं का? मन उदास असतं का? प्रत्येकाला मी कागदावरचं उत्तर द्यायचे. कागदातल्या बाईला झोप चांगली लागत होती. मला लागत नव्हती. घरी जाताना गाडीच्या खिडकीतून तलाव दिसायचा, आणि मला वाटायचं की आज इतक्या जणांनी विचारलं आणि मी एकालाही खरं सांगितलं नाही. पण पुढच्या गुरुवारची वाटही बघायचे.

पुढच्या वर्षी मॅडमनी एक वेगळं काम सांगितलं. वाईट बातमी कशी सांगायची, याची परीक्षा होती. मी नातेवाईक व्हायचं. कागदात लिहिलं होतं: तुमच्या आईला सकाळी दवाखान्यात आणलं. ती गेली आहे, हे तुम्हाला माहीत नाही. तुमचा मुलगा गाडी लावायला गेलाय. डॉक्टर तुम्हाला सांगायला येतील.

"जमेल ना?" मॅडमनी विचारलं. त्यांना अक्काचं एवढंच माहीत होतं की माझी बहीण वारली आहे.

"जमेल," मी म्हटलं.

पहिल्या काही मुलांपर्यंत जमलं. ती आत यायची, पाठ केलेली वाक्यं म्हणायची, 'आय ॲम सॉरी' म्हणायची, आणि मी डोळ्याला पदर लावायचे. घंटा वाजली की पुढचा. मग एक उंच, किडकिडीत मुलगा आला. तो दारातच थांबला. माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "तुमच्याबरोबर कोणी आलंय का?"

मला म्हणायचं होतं, मुलगा गाडी लावतोय. माझ्या तोंडून आलं, "कोणी नाही."

तो बसला. म्हणाला, "मग मी जरा बसतो तुमच्यापाशी." आणि मग त्याने ती बातमी सांगितली. साध्या, तुटक कन्नडमध्ये. आई गेल्या. आम्ही प्रयत्न केले. गेल्या.

आणि मी मराठीत बोलायला लागले. अक्का एकटीच होती मला, म्हटलं. सकाळी चांगली बोलत होती, म्हटलं. तिने मला सांगितलं होतं की संध्याकाळी येताना केळी आण. किती दिवसांनी माझा तो आवाज मी ऐकत होते. त्या मुलाला एक अक्षर कळलं नसणार. त्याने मान खाली घातली नाही, घड्याळ बघितलं नाही. घंटा वाजली. तो उठला नाही. बाहेर पुढच्या मुलीने पडद्याची कड धरली होती, ती तशीच उभी. शेवटी मॅडम आत आल्या, त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला उठवून घेऊन गेल्या.

त्यांच्या खोलीत त्यांनी मला कॉफी दिली. माझी कॉफी निम्मी संपली. मग मी त्यांना सांगितलं, जे कोणालाच सांगितलं नव्हतं.

अक्काला धाप लागली म्हणून शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी अतिदक्षता विभागाच्या बाहेर बसले होते. एक तरुण डॉक्टर बाहेर आला. त्याला बघून मी उभी राहिले. तो मोबाइलवर काहीतरी बघत म्हणाला, "ॲम्ब्युलन्स तुम्ही बघताय, की आम्ही बोलवू?"

मी विचारलं, "का? दुसऱ्या हॉस्पिटलात हलवायचंय का?"

त्याने वर बघितलं. मला कोणी काही सांगितलेलंच नाही हे त्याला तेव्हा कळलं. "ओह," तो म्हणाला, "एक मिनिट," आणि कोणाला तरी बोलवायला निघून गेला. मी तिथेच उभी राहिले. तो परत आला नाही. दुसरंच कोणीतरी आलं. पण तोवर मला कळलं होतं.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "हे मुलांना सांगाल?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. म्हणूनच असेल, दोन-तीन आठवड्यांनी मीच गाडीतून उतरल्यावर त्यांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, सांगते.

पायऱ्यापायऱ्यांचा मोठा वर्ग होता. मी खाली उभी राहून कन्नडमध्ये सांगितलं आणि मॅडम वाक्यावाक्याला इंग्रजी करत गेल्या. त्यामुळे प्रत्येक गोष्ट त्या खोलीत दोनदा घडली. संपल्यावर मागून एका मुलीने विचारलं, "त्या डॉक्टरने काय बोलायला हवं होतं?"

यावर मी कधी विचारच केला नव्हता. त्याच्यावर रागावले होते, पण त्याने काय करावं हे मनात आलं नव्हतं. "बोलण्याचं मला सांगता येणार नाही," मी म्हटलं. "पण मी उभी होते. त्याने मला बसवायला हवं होतं."

काही मुलांनी ते लिहून घेतलं. नंतर बरीच मुलं माझ्यापाशी आली, हात हातात घेतला, एकीने तर वाकून नमस्कार केला. फुलवालीने त्या दिवशी गाडीत माझ्या केसांत गजरा माळला, न विचारता. मी घरी आले, कुलूप उघडलं, आणि गजरा काढून पाण्याच्या वाटीत ठेवला. हे सगळं कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं. ज्या एका माणसाला सांगितलं असतं, त्याच माणसाबद्दल मी दिवसभर बोलून आले होते.

त्यानंतर दोन वर्षांनी पावसाळ्याच्या शेवटी मला ताप भरला. दोन दिवस अंगावर काढला, तिसऱ्या दिवशी उभं राहवेना, तेव्हा रिक्षा करून युनिव्हर्सिटीच्या दवाखान्यात गेले. समोरच्या तरुण डॉक्टरने मला बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला. "आंटी! आज कुठली केस?"

"आज खरी," मी म्हटलं.

तो हसला. "वा, फार छान करताय." शेजारच्या मुलालाही त्याने बोलावलं, "ह्या आमच्या गुरुवारच्या आंटी." मी भिंतीला टेकले. मग त्याने माझं मनगट धरलं आणि त्याचं हसू एकदम गेलं. त्याने मला हाताला धरून बाकावर बसवलं आणि स्वतःच व्हीलचेअर आणायला धावला.

डेंग्यू निघाला. भरती करून घेतलं. नर्सने विचारलं, "अटेंडर यारु?" बरोबर कोण आहे? मी म्हटलं, कोणी नाही. पण ती आसामची मुलगी आली. तिला बातमी कशी लागली कोण जाणे. ती आता शेवटच्या वर्षाला होती, परीक्षा तोंडावर. तरी सकाळी इडली घेऊन यायची, स्टुलावर बसून पुस्तक वाचायची. फुलवाली पण एकदा येऊन गेली. मला डुलकी लागायची, आणि जाग आली की स्टूल रिकामं असायचं. तिला वर्ग असायचे, दुसरे पेशंट असायचे. तिची काही चूक नव्हती.

ताप उतरल्यावर नर्स म्हणाली, "अम्मा, तापात तुम्ही खूप बोललात. अगदी तास-तासभर. ती कुठली भाषा? तेलुगू?"

"मराठी," मी म्हटलं. "काय बोलत होते मी?"

"ते कसं कळणार?" ती म्हणाली. "पण छान बोलत होतात. मध्येमध्ये हसतही होतात."

मी त्या मुलीलाही विचारलं. तिने डोळे मिटून आठवून पाहिलं. "पुट्टी असं काहीतरी ऐकलं, आंटी. बाकीचं नाही कळलं." मला फार वेळ वाईट वाटत राहिलं. मी कोणाशी तरी इतकं बोलले होते, हसले होते, आणि त्यातलं काहीच माझ्याजवळ उरलं नव्हतं.

पुढे ती मुलगी डॉक्टर झाली आणि आसामला परत गेली. जाण्याआधी येऊन तिने शेवटचा माझा रक्तदाब मोजला, एकदाच. अस्खलित येलहंकाचं कन्नड बोलत होती, गिरणीवाल्याशी भांडायचीसुद्धा. सुरुवातीला तिचा दर रविवारी फोन यायचा. आता सणावारी येतो. तिला तिकडे कामाचा रगाडा आहे, असायलाच हवा.

गल्लीतले लोक विचारतात, युनिव्हर्सिटीने तुम्हाला काय दिलं हो? मी सांगते, तपासणी फुकट होते, चष्मा मिळाला, डेंग्यूत वाचवलं. हे सगळं खरंच आहे. भिंतीच्या आत मला आता पहारेकरीही ओळखतो.

गेल्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. नवी मुलं आली आहेत, केस सोपी आहे, येणार का? दुसऱ्या दिवशी गाडीवाल्याने कागद आणून दिला. जेवण झाल्यावर तो घेऊन मी खिडकीशी बसले. पायावर सूज येणारी बाई. वय माझ्याएवढंच. घरी मुलगा, सून आणि दोन नातवंडं. सून चांगली आहे, औषधं वेळेवर देते, असं मी म्हणायचं होतं.

ते वाक्य मी मोठ्याने म्हणून पाहिलं. कन्नडमध्ये बरोबर जमेना, म्हणून आधी मराठीत म्हटलं. "सून चांगली आहे माझी." मग नातवंडांची नावं कागदात नव्हती, ती मी ठरवायला बसले, कोणी विचारलंच तर असावीत म्हणून.